जास्तीचे अठ्ठावीस किलोमीटर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. जुने गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळतात. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हे पटकन सांगता येत नाही. मानोरा तालुक्यातल्या त्या पिकअपची घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्यातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. सगळी माणसं हयात आहेत, आपापल्या कामाला लागलेली आहेत, आणि त्यांना त्यांच्या गावात सुखानं राहू द्यावं एवढंच मला वाटतं.

त्या वेळी मी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर उभी होती, तांड्यांवरची निम्मी घरं ऊसतोडीला निघण्याच्या तयारीत होती. एका संध्याकाळी, दिवस नुकताच मावळला असताना, आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर स्कूटीवरून घरी परतत होत्या. त्या भागात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, नुसतं 'सिस्टर' म्हटलं की पुरे. लसीकरणाला, बाळंतपणाला, साप चावला तरी आणि सासूसुनेचं भांडण झालं तरी माणसं त्यांच्याकडे जात. मागून आलेल्या एका गाडीनं त्यांना उडवलं. गाडी थांबली नाही.

शेजारच्या वीटभट्टीवरच्या एका मजूर बाईनं आवाज ऐकला. ती रस्त्यावर येईपर्यंत एक पांढरी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती. पिकअप होती, जीप होती की कार होती, तिला सांगता आलं नाही. पांढरी होती, एवढंच. त्या बाईनं सिस्टरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि येणाऱ्या पहिल्याच काळी-पिवळी जीपला हात केला. म्हणून सिस्टर दवाखान्यात जिवंत पोचल्या. पुढे त्यांना अकोल्याला हलवलं. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात माणसं जमायला सुरुवात झाली. घोषणा नाहीत, दगडफेक नाही. बायका येऊन कडुनिंबाखाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. घोषणा देणारा जमाव हाताळायला सोपा असतो, तो दमतो. गप्प बसलेली माणसं दमत नाहीत. त्यांच्यातली एक म्हातारी मला एवढंच म्हणाली, "साहेब, कोनं केलं ते पाहा. आमी आता बसलो हाओ."

त्याच दिवशी दुपारच्या सुमारास ठाण्याच्या लँडलाइनवर फोन आला. पलीकडून पुरुषाचा आवाज होता. अमुक तांड्यावर, घराच्या मागे, ताडपत्रीखाली पांढरी पिकअप झाकून ठेवली आहे, पुढून फुटलेली आहे, जाऊन बघा. नाव विचारायच्या आत फोन ठेवला. निनावी खबर आम्हाला नवी नसते. गावात वैर असतं, भीती असते, साक्षीला उभं राहायची कुणाची तयारी नसते, म्हणून लोक नाव सांगत नाहीत. मी पथक घेऊन निघालो.

खबर खरी होती. ताडपत्री काढली तर पिकअपचं नाक आत गेलेलं, रेडिएटर फुटलेला, जाळीच्या कडेला रक्ताचा डाग. बंपरवर एक लाल ओरखडाही होता, आणि सिस्टरांची स्कूटी लाल होती. तशी ती जुनी गाडी होती, तिच्या अंगावर चार रंगांचे ओरखडे होते. पण त्या क्षणी नजर लालावरच थांबली. पंच बोलावले, फोटो घेतले, नमुने सीलबंद केले. गाडी ट्रॅक्टरनं ओढून ठाण्यात आणायची होती. ओढताना मीटर फिरण्याची शक्यता असते, म्हणून जागेवरचाच मीटरचा आकडा पंचनाम्यात घ्यायला लावला. ती साधी सवय होती. पुढे तिच्यावर एवढं अवलंबून असेल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

गाडीमालक स्वतःच ड्रायव्हर होता. तिशीतला, सडपातळ, कमी बोलणारा. ऊसतोड सोडून दोन हंगामांपूर्वी त्यानं ही पिकअप दुसऱ्या जिल्ह्यातून जुनी विकत घेतली होती आणि भाडी मारत होता. ठाण्यात आणल्यावर मी त्याला समोर बसवलं.

"काल गाडी कुठं होती?"

"अनसिंगले. मंडपाचं सामान उतरून दिलं न वापस आलो."

"पुढून कशी फुटली?"

"रोही आडवी आली साहेब. पुलापाशी. तुरीतून एकदम रस्त्यावर आली. जनावर मेलं का पळालं, मले मालूम नाई. तसंच पानी ओतत ओतत गाडी घरी आनली."

"मग ताडपत्री कायले झाकली?" माझ्याही तोंडून आमचीच बोली निघाली.

"रोही मारली की वनखात्याची केस लागते म्हनते. भेलो."

आमच्या भागात रोही, म्हणजे नीलगाय, रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीला आडवी येते. त्यामुळे ही सबब खरीही असू शकते आणि सगळ्यात सोयीचीही. मी माणसं पाठवून पूल तपासला. काचेचे दोन-चार तुकडे सापडले; पण त्या वळणावर काचा कधी नसतात? थोडी तूर मोडलेली होती. जनावर नव्हतं. वाटेत त्याचा फोन बंद पडला होता, त्यामुळे टॉवरवरूनही काही कळलं नाही.

मग माझ्या हेडकॉन्स्टेबलला त्याच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. त्या दिवशी निघताना ड्रायव्हरनं तांड्याजवळच्या पंपावर टाकी भरली होती आणि ॲव्हरेज काढण्यासाठी मीटरचा फोटो घेतला होता. पंपावरचा आकडा आणि ताडपत्रीखालचा आकडा यांच्यात एकशे अठरा किलोमीटरचा फरक होता. मी सरकारी जीप त्याच रस्त्यानं अनसिंगपर्यंत आणि परत फिरवली. नव्वद भरले. अपघाताची जागा त्या रस्त्यावर नव्हती. मधल्या फाट्यापासून आत चौदा किलोमीटरवर होती. जाऊन-येऊन अठ्ठावीस. नव्वद आणि अठ्ठावीस, एकशे अठरा.

आकडा चपखल बसला. हेडकॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, आता काय राहिलं?"

मी ड्रायव्हरला दोन्ही आकडे दाखवले. हे अठ्ठावीस किलोमीटर कुठून आले, ते सांग म्हटलं.

"मी अनसिंगले गेलो न आलो. फाट्यावरून आत गेलो नाई. मीटर काय म्हनते ते मीटरले इचारा."

त्याच्यावर कुणी हात उचलू नये, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तशी गरजही नव्हती. आकडाच बोलत होता. त्याला अटक केली, कोर्टातून पोलीस कोठडी घेतली. बाहेर बातमी पसरली. कडुनिंबाखालच्या बायका उठून गेल्या. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. कारण तो त्यांच्यातलाच होता.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. खोटं बोलणारा माणूस स्पष्टीकरण घेऊन येतो. आकडा दाखवला की तो लगेच म्हणतो, मावशीकडे गेलो होतो, रस्ता चुकलो होतो, मित्राला सोडायला गेलो होतो. एक पटलं नाही तर दुसरं काढतो. या माणसाकडे काहीच नव्हतं. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच: गेलो न आलो. स्वतःच्या बचावासाठी एक अक्षर न शोधणारा आरोपी मी क्वचितच पाहिला होता.

त्यात त्याची बायको आली. डबा घेऊन आली होती, कडेवर लहान मूल. तिचा डबा तपासून आत दिला. ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"साहेब, हे लेकरू सिस्टरबाईच्या हातावर झालं. पावसात, कंदिलाच्या उजेडात. बाहेर हाच मानूस रातभर उभा होता. थ्या बाईले हा रस्त्यात टाकून येईन काय?"

असं प्रत्येक आरोपीची बायको म्हणते. चांगल्या माणसांनीही भीतीच्या भरात माणसं रस्त्यात टाकलेली मी पाहिली आहेत. तिच्या बोलण्यावर तपास थांबवता येत नव्हता. पण ते बोलणं मनातून जातही नव्हतं. वरिष्ठांचा फोन रोज येत होता. चांगलं काम झालं, लवकर दोषारोपपत्र टाका, लोक शांत आहेत तोवर. अकोल्याहून रोज एकच निरोप यायचा: शुद्ध नाही. गुन्ह्याचं कलम बदलायची वेळ येते की काय, या धाकात आम्ही होतो.

अपघाताच्या गुन्ह्यात गाडीची तपासणी परिवहन खात्याच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून करून घ्यावी लागते. ब्रेक ठीक होते का, स्टेअरिंग ठीक होतं का, एवढा त्यांचा अहवाल असतो. आमच्याकडे एक तरुण निरीक्षक मॅडम आल्या. बहुतेक निरीक्षक गाडीभोवती एक फेरी मारतात, छापील नमुना भरतात आणि चहा घेऊन जातात. या मॅडमनी आधी बाह्या वर केल्या. पुढचा मार पाहून म्हणाल्या, "धक्का बराच वर बसलाय. रोहीचा असू शकतो. पण स्कूटीवर बसलेल्या माणसाचाही इतक्या उंचीवर बसू शकतो, त्यामुळे यावरून मी काही लिहून देणार नाही." मला ते आवडलं. मग त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरला दोन प्रश्न विचारायचेत."

त्याला बाहेर आणलं.

"गाडीत काही दोष होता का?"

"दोष नाई मॅडम. पळत नाई फक्त. काटा ऐंशी दाखवते न यस्टी मांगून येऊन पुढं निंगून जाते."

मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या. "आणि चढावर?"

"चढावर बैलासारखी वढते. मंडपाचे लोखंडी पाइप भरून घाट चढलो, गेअर टाकाची बी गरज नाई पडली. ॲव्हरेज बी मस्त देते. म्हनून त फोटो काढला मी, खरंच एवढी देते का पाहाले."

मॅडमनी पेन बंद केलं आणि माझ्याकडे वळल्या. "साहेब, एसटीला ऐंशीच्या आतला वेग बांधून दिलेला असतो. याचा काटा ऐंशीवर असताना एसटी पुढे जाते, म्हणजे काटा जास्त दाखवतोय. काटा आणि किलोमीटर एकाच केबलवर चालतात. या मॉडेलमध्ये ती केबल गिअरबॉक्सला लागते, चाकाला नाही. गाडी जुनी घेतलेली आहे. आधीच्या मालकानं मागच्या एक्सलमधले दाते बदलून जड ओझ्यासाठीचे टाकले असतील, तर गिअरबॉक्स तेवढाच फिरला तरी चाक कमी फिरेल आणि मीटर जास्त धावेल."

मी म्हटलं, "मग गाडी रस्त्यावर चालवून किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहू."

"रेडिएटर फुटलाय. चालवायची तर दुरुस्त करावी लागेल, आणि पुढचा भाग तुमचा पुरावा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत हात लावता येणार नाही."

"एक्सल उघडून दाते मोजले तर?"

"मुद्देमालाची गाडी कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडली, तर उद्या दोन्ही बाजूंचे वकील विचारतील की आत काय बदललं. उघडायची गरजच नाही. जॅक आहे का?"

दोन पंच बोलावले, कारण जे होणार होतं ते कागदावर यायला हवं होतं. भर दुपारी ठाण्याच्या आवारात ते काम सुरू झालं. मॅडमनी आधी टायरचा आकार कंपनीच्या मापाशी जुळवून पाहिला. तो बरोबर होता. एक्सलवर दात्यांचं प्रमाण लिहिलेली पत्र्याची छोटी पट्टी असते, ती शोधली. ती गायब होती. पुढच्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, म्हणून तो सोडला. गिअर न्यूट्रल केला. मागचं एकच चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर ठेवलं. उचललेल्या टायरवर खडूची रेघ, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा जो लांब शाफ्ट असतो त्याच्यावर दुसरी रेघ.

"चाक मी सांगेन तसं सावकाश फिरवा," त्या म्हणाल्या. "वीस फेऱ्या. खालून एकानं शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एक चाक जमिनीवर आहे, त्यामुळे वर फिरणाऱ्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे एक फेरी धरायची. वीसच्या दहा."

हेडकॉन्स्टेबल पोतं अंथरून गाडीखाली शिरला. पोटामुळे त्याला ते सोपं गेलं नाही. चाक मी स्वतः फिरवलं. पंचांपैकी एक किराणा दुकानदार होता, तो चाकाच्या फेऱ्या मोठ्यानं मोजत होता. खालून हेडकॉन्स्टेबल शाफ्टच्या मोजत होता. मध्येच दोघांचे आकडे एकमेकांत घुसले आणि पहिला प्रयत्न वाया गेला. दुसऱ्यांदा दुकानदाराला मनातल्या मनात मोजायला सांगितलं. ड्रायव्हर दोन शिपायांच्या मध्ये उभा राहून पाहत होता. हे काय चाललंय हे त्याला कळत नव्हतं, पण कुणीतरी त्याच्या गाडीला काहीतरी विचारतंय, एवढं त्याला कळलं असावं.

वीस फेऱ्या झाल्या. मॅडमनी विचारलं, "किती?"

"चोपन्नले जराशीक कमी," गाडीखालून आवाज आला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चाक मॅडमनी फिरवलं आणि मी गाडीखाली गेलो. चोपन्नला थोडी कमी.

मॅडमनी फोनवर कंपनीची तांत्रिक पुस्तिका उघडली. "चाकाच्या दहा फेऱ्यांना शाफ्टच्या जवळजवळ चोपन्न. कंपनीतून निघताना या गाडीला दहाला एक्केचाळीस असतात. मीटर त्या एक्केचाळीसच्या हिशेबानं बनवलेला आहे. साहेब, हे दाते या गाडीचे नाहीत."

मी खिशातून पेन काढलं आणि तळहातावरच गणित मांडलं. एकशे अठराला एक्केचाळीसनं गुणायचं, चोपन्ननं भागायचं. उत्तर आलं नव्वदच्या अगदी जवळ. पुन्हा केलं. तेच आलं. जे अठ्ठावीस किलोमीटर आम्ही त्याच्या गळ्यात बांधले होते, ते कधी रस्त्यावर धावलेच नव्हते.

माझा जीव भांड्यात पडला, असं लिहिलं तर कुणाला विचित्र वाटेल. तपास अधिकाऱ्याच्या हातातला मुख्य पुरावा जातो तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं. मला वाटलं नाही. मी त्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुझं मीटर जास्त पळत होतं." तो म्हणाला, "मंग ॲव्हरेज बी खोटं होतं काय?" दोन्ही शिपाई हसले. तो हसला नाही. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

हेही सांगायला हवं की एवढ्यानं तो निर्दोष ठरला नव्हता. त्याच्याविरुद्धची सगळ्यात भक्कम गोष्ट तेवढी गेली होती. पण ती जाताच मी विचारायला हवा होता तो प्रश्न समोर आला. ताडपत्रीखालच्या गाडीची खबर देणारा कोण? गाडी घरामागे, रस्त्यावरून न दिसणारी. मग तिचं नाक फुटलंय हे बाहेरच्याला कसं कळलं?

मी ड्रायव्हरला खुर्ची दिली आणि चहा मागवला. "गाडी फुटली हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"बायकोले. न मानोऱ्याच्या गॅरेजवाल्याले. सकाळी फोन करून इचारलं, रेडिएटर भेटीन काय, म्हनून."

"त्याला काय सांगितलंस?"

"गाडी पुढून पुरी फुटली, घरामांगं ताडपत्रीखाली झाकून ठेवली, आनता येत नाई, तूच तांड्यावर ये, म्हनलं."

मानोऱ्याचा तो गॅरेजवाला मला ओळखत होता. मी हेडकॉन्स्टेबलला घेऊन साध्या कपड्यांत गेलो. तो एका जीपखाली काम करत होता, बाहेर आला, हात चिंधीला पुसत बसला. फोन आला होता हे त्यानं लगेच कबूल केलं.

"तेव्हा इथं कोण होतं?"

"गिऱ्हाईक होतं एक. साहेब, माझे हात ग्रीसचे असतात, त मी फोन स्पीकरवर टाकतो. त्यानं बी आयकलं असन. कोनती गाडी, कोनता तांडा, हे बी इचारलं त्यानं मले."

"कोण गिऱ्हाईक?"

"रिसोडचं. पांढरी कार घेऊन आलं होतं. समोरचा बंपर न डावा लाइट गेलेला. रोहीले धडकलो म्हने. मले नवल वाटलं, रिसोडले गॅरेज नाईत का, एवढ्या दूर काहून आला. पन आपल्याले काय, गिऱ्हाईक हाय."

"जुना बंपर?"

त्यानं गॅरेजच्या मागच्या भंगाराच्या ढिगाकडे बोट केलं. बंपर वरच पडला होता. डाव्या कोपऱ्यात आतपर्यंत गेलेला लाल रंग, आणि फटीत अडकलेला लाल प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा. स्कूटीच्या मागच्या लाइटचा. पंच बोलावून बंपर जप्त केला. परतताना ठाणं जवळ आल्यावर हेडकॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, भलत्याच माणसाला आत टाकायच्या आपण फार जवळ गेलो होतो."

रिसोडच्या त्या गृहस्थाला निरोप पाठवला, तो स्वतःहून आला. चाळिशीचा, बियाण्यांचं दुकान चालवणारा, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं. बसल्याबसल्या त्यानं सगळं क्रमानं सांगितलं: कुठून निघालो, कुठे चहा घेतला, रोही कुठल्या बाजूनं आली, किती मोठी होती, शिंगं कशी होती. इतकं नीट की मी फक्त ऐकत राहिलो. त्याचं बोलून झाल्यावर मी शिपायाला सांगून बंपर टेबलावर आणवला.

तो बंपरकडे पाहत राहिला.

"लँडलाइनवर फोन तुम्हीच केला होता ना?" मी विचारलं. "टेलिफोन कंपनीकडून तपशील येईलच. तुम्ही सांगितलंत तर बरं."

त्यानं पाणी मागितलं. पेला हातात धरला, प्यायला नाही. मग विचारलं, "सिस्टर वाचल्या का?"

त्याच सकाळी अकोल्याहून निरोप आला होता. सिस्टरांनी डोळे उघडले होते, मुलीला ओळखलं होतं, पाणी मागितलं होतं. मी त्याला म्हटलं, "वाचल्या."

तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याला रडू दिलं. नंतर त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं: मोबाइल वाजला, खाली पाहिलं, वर पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. थांबावं वाटलं, पाय ब्रेकवर गेला नाही. भट्टीकडून कुणी धावत येताना दिसलं आणि गाडी पुढेच गेली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बसला असताना स्पीकरवर तो फोन ऐकला. "मले वाटलं, त्याची त गाडी फुटलेलीच हाय," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

अपघात त्याच्या हातून घडला होता. तो फोन मात्र त्यानं शांतपणे, विचार करून केला होता. कोर्टात त्यानं दोन्ही गोष्टी नाकारल्या नाहीत. पुढे प्रयोगशाळेचे अहवाल आले. पिकअपवरचं रक्त जनावराचं निघालं, बंपरवरचा रंग स्कूटीचा. निरीक्षक मॅडमचा अहवालही न्यायालयात वाचला गेला. गाडी सोडल्यावर, नवा रेडिएटर बसल्यावर, त्यांनी मुद्दाम येऊन किलोमीटरच्या दगडांवर मीटर तपासून पाहिलं. दहा किलोमीटरला तेरा दाखवत होतं. त्यांना आपलं उत्तर रस्त्यावर पडताळून पाहायचं होतं, आणि मलाही.

सिस्टरांना पूर्ण बरं व्हायला वेळ लागला. उजवा पाय थोडा ओढत चालतात, पण कामावर परतल्या. ड्रायव्हरबद्दल गावात झालेलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. पहिल्या फेरीला त्या आधी त्याच्याच घरी गेल्या, सगळ्यांना दिसेल असं अंगणात बाजेवर बसल्या आणि चहा घेतला. आमचा कुठलाही खुलासा त्या तांड्यावर एवढं काम करू शकला नसता.

लोक मला विचारतात, या गुन्ह्यानं काय शिकवलं. पुरावा गोळा करायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. तो ज्या मापानं मोजला ते माप बरोबर होतं का, हे विचारायला कुणी शिकवत नाही. साक्षीदार खोटं बोलू शकतो हे आम्ही धरून चालतो. यंत्र खोटं बोलणार नाही, असंही धरून चालतो. पण ते यंत्रही कुणीतरी उघडलेलं, बदललेलं, दुसऱ्याला विकलेलं असतं. दुसरी गोष्ट माणसांबद्दलची. लपवणारा माणूस घाबरलेला असतो, हे खरं. पण तो तुमच्याच गुन्ह्याला घाबरलेला असतो असं नाही. आणि सगळी उत्तरं तयार असलेल्यापेक्षा एकही उत्तर नसलेल्याचं म्हणणं दोनदा ऐकावं.

ड्रायव्हरला सोडण्याचा कोर्टाचा आदेश आला त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी दिवसाउजेडी घरी गेलो. जेवायला बसलो. बायकोनं ताटाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांदा भाकरी मागितल्याचं तिच्या लक्षात आलं असणार.

"आज कुणाला पकडलं?" तिनं विचारलं.

"आज कुणाला नाही," मी म्हटलं. "आज एक माणूस घरी गेला."